बंगल्याच्या रिकाम्या तळघरात स्वतंत्र वन बीएचके : बेलापूरच्या उतारावर हे जमेल का?

पारसिकपायथा | १० ऑगस्ट, रात्री ९:१५

सीबीडी बेलापूरला पारसिक टेकडीच्या उतारावर बंगला आहे. रस्त्यावरून तळमजला आणि पहिला मजला दिसतो. तळमजल्याखाली २६ × १८ फुटांचं तळघर आहे, त्यात जुन्या खाटा, सायकली आणि रंगाचे डबे पडून आहेत.

मापं देतो. कोब्यापासून स्लॅबच्या पोटापर्यंत ९ फूट २ इंच, तुळईखाली ८ फूट १ इंच. तीन भिंती जमिनीत. चौथी मागच्या बाजूला उताराकडे, तिथे बाहेरच्या अंगणापेक्षा तळघराची जमीन दीड फूट खाली. त्या भिंतीला वर १८ इंचांच्या दोन झडपा. जिना घरातूनच उतरतो. रस्त्यावरच्या ड्रेनेज चेंबरच्या झाकणापेक्षा तळघराची जमीन साधारण ८ फूट खाली. पावसाळ्यात पुढच्या भिंतीला खालून अडीच फुटांपर्यंत ओल चढते, लोणा (भिंतीतून फुटणारा पांढरा क्षार) येतो, पोपडे पडतात.

आईबाबांसाठी स्वतंत्र घरकुल करायचं आहे : हॉल-किचन, एक खोली, संडास-बाथरूम, मागून वेगळं दार. पुढेमागे भाड्यानेही देता येईल. ठेकेदार म्हणतो, भिंतींना टाइल, वर पीओपी, दीड महिन्यात ताबा. माहीतगारांनी सांगावं : हे करावं का, आणि करायचं तर कोणत्या क्रमाने?

घोडबंदरवाला | रात्री ९:३१

ओल असलेल्या भिंतीला टाइल लावून देणारा ठेकेदार लगेच बदला. बाकी जाणकार सांगतीलच.

नकाशेवाली | रात्री १०:०५

कागदापासून सुरुवात करू, कारण इथे गाडी कागदावरच अडते.

राज्यात २०२० पासून एकत्रित विकास नियंत्रण नियमावली आहे, बोलताना सगळे यूडीसीपीआर म्हणतात. मुंबई महापालिका आणि आणखी काही क्षेत्रं वगळता ती लागू आहे. ठाणे आणि नवी मुंबई दोन्ही तिच्यात येतात. तिच्यात तळघराचे वापर मोजून दिलेले आहेत : घरगुती सामानाची साठवण, पार्किंग, यंत्रसामग्री अशा प्रकारचे. राहण्याची खोली त्यात नाही. राष्ट्रीय इमारत संहितेचा सूरही तोच. तिच्यात तळघराची किमान उंची २.४ मीटर आहे. तुमच्या तुळईखालचे ८ फूट १ इंच म्हणजे २.४६ मीटर. तळघर म्हणून तुम्ही पास आहात, घर म्हणून नाही.

अशा तळघराचं क्षेत्र एफएसआयमध्ये (भूखंडावर किती बांधता येईल त्या मोजणीत) धरत नाहीत ते त्याच्या वापरामुळे. तिथे स्वयंपाकघर आणि झोपायची खोली केली की वापर बदलला, आणि क्षेत्र मोजणीत आलं. परवानगीशिवाय केलं तर १९६६ च्या एमआरटीपी (महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना) कायद्याच्या कलम ५३ खाली नोटीस येऊ शकते. वर महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६७ अ खाली अनधिकृत भागावर मालमत्ता कराच्या दुप्पटीपर्यंत शास्ती (दंड) लागू शकते. ही शास्ती भरली म्हणजे बांधकाम नियमित झालं असं नाही, हा गैरसमज फार पसरलेला आहे.

नवी मुंबईत आणखी एक पदर आहे. जमीन सिडकोची, आपल्याकडे मुळात ६० वर्षांचा भाडेपट्टा. बांधकामाची परवानगी महापालिका देते, पण भाडेपट्ट्यातल्या वापराच्या अटी सिडकोच्या. भाडेपट्टा असेतोवर घर विकताना हस्तांतरणाला सिडकोकडे जावंच लागतं.

म्हणून पहिलं काम : मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र काढा. त्या मजल्यावर नेमका कोणता शब्द आहे ते इथे लिहा. 'बेसमेंट', 'लोअर ग्राउंड' आणि 'स्टिल्ट' यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. उताराच्या भूखंडावर कधी कधी खालचा मजला तळघर म्हणून दाखवलेलाच नसतो.

सेक्टर_आठ | रात्री १०:२०

नियम खरे, पण आजूबाजूला बघा की. तळघरात क्लास, तळघरात जिम, तळघरात पार्लर. कोण येतं बघायला?

जलमापक | रात्री १०:५२

@सेक्टर_आठ, बघायला कोणी येत नाही, पाणी येतं. २७ जुलै २०२४ ला दिल्लीत जुन्या राजेंद्रनगरमध्ये एका कोचिंग क्लासच्या तळघरात रस्त्यावरचं पाणी शिरलं आणि तीन विद्यार्थी गेले. त्या तळघराची परवानगी साठवण आणि पार्किंगसाठी होती, वापर वाचनालयाचा होता.

पाणी आलं तर दार उघडून बाहेर पडू, असं सगळ्यांना वाटतं. हिशेब करून बघा. तीन फूट रुंदीचं दार, बाहेर एक फूट पाणी : दारावर साधारण ४० किलोचा दाब. दोन फूट पाणी : १६० किलो. पाण्याची उंची दुप्पट झाली की दाब चौपट होतो. बाहेर उघडणारं दार दोन फूट पाण्यात सत्तरीचा माणूस उघडूच शकत नाही. आत उघडणारं असेल तर कडी काढताच ते अंगावर येतं. आणि तळघरात पुराचं पाणी बहुधा जिन्यावरूनच येतं, म्हणजे ज्या वाटेने बाहेर पडायचं त्याच वाटेने.

म्हणून माणसं बसणार-उठणार असतील तर दुसरी वाट हवी, पहिल्या वाटेच्या विरुद्ध टोकाला. तुमच्याकडे मागची भिंत आहे, ही जमेची बाजू. तिथे दार काढलं तर उंबरठा बाहेरच्या अंगणापेक्षा निदान सहा इंच वर हवा आणि आत तीन-चार पायऱ्या उतरायच्या. उंबरठा अंगणाच्या पातळीला ठेवला की अंगणातलं पाणी सरळ घरात.

गवंडीकाका | ११ ऑगस्ट, सकाळी ७:१०

आता भिंतींकडे. ओल दोन प्रकारची असते. एक बाहेरून झिरपणारी, दुसरी हवेतली, थंड भिंतीवर दव धरल्यासारखी. उपाय दोन्हीचे उलटे आहेत, तेव्हा आधी ओळखा.

दीड फूट × दीड फुटाचा जाड पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा घ्या. पोपडे खरवडून भिंत पुसा, तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने हवाबंद लावा. असे पाच तुकडे : तिन्ही पुरलेल्या भिंतींवर जमिनीपासून फूटभर उंचीवर एकेक, एक पुढच्या भिंतीवर पाच फुटांवर, एक जमिनीवर. निदान १६ तास ठेवा, दोन दिवस ठेवलेत तर उत्तम. प्लॅस्टिकच्या भिंतीकडच्या अंगाला थेंब आले तर पाणी भिंतीतून येतंय. खोलीकडच्या अंगाला आले तर ते हवेतलं. दोन्हीकडे आले तर दोन्ही. ऑगस्ट आहे, यापेक्षा चांगला मुहूर्त नाही. मार्चमध्ये सगळ्याच भिंती कोरड्या असतात.

दुसरं, भिंत कसली आहे ते बघा. एका कोपऱ्यात हातभर गिलावा काढा. काँक्रीट आहे, वीट आहे की काळ्या दगडाचं बांधकाम? आणि जमीन आरसीसी राफ्ट (सळई घातलेला काँक्रीटचा अखंड पाया) आहे की मुरमावर चार इंच कोबा? यावर सगळं अवलंबून आहे.

पारसिकपायथा | सकाळी ८:०२

गवंडीकाका, आज तुकडे लावतो. गिलावाही काढून बघतो. राफ्ट आहे की कोबा हे कसं कळेल?

गवंडीकाका | सकाळी ८:४०

स्ट्रक्चरल नकाशा असेल तर त्यात दिसेल. नसेल तर कोपऱ्यापासून दूर, मधोमध एक इंचाचं छिद्र मारा. चार-पाच इंचांत मुरूम हाताला लागला तर कोबा. छिद्रातून पाणी वर आलं तर तेही कळलंच. छिद्र नंतर न आकसणाऱ्या ग्राउटने (पातळ भरण मसाल्याने) भरा, साध्या सिमेंटने नको.

तुळईखाली | सकाळी ११:२५

कोबा निघाला तर एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. उभ्या पाण्याचा दाब दर मीटरला चौरस मीटरमागे एक टन. जमिनीखाली अर्धा मीटर पाणी चढलं तर प्रत्येक चौरस मीटरला अर्धा टन वर ढकलतो. चार इंच कोब्याचं वजन चौरस मीटरला पाव टनाच्या आत. आज तो कोबा फुगत नाही, कारण भेगांतून पाणी निघून जातं आणि दाब साठत नाही. त्यावर रसायन लावून तो पूर्ण बंद केला की कोबा मधून उचलला जातो किंवा फुटतो. तुमच्या ४३ चौरस मीटरवर अर्धा मीटर पाणी म्हणजे एकवीस-बावीस टनांची उचल. 'खालून सील करून देतो' म्हणणाऱ्याला हा आकडा विचारा.

भिंतींचंही तसंच. पुरलेली आरसीसी भिंत माती अडवून उभी असते आणि बहुधा तिचा वरचा टेकू म्हणजे तळमजल्याचा स्लॅब. नव्या जिन्यासाठी भिंतीलगत स्लॅब कापला की तेवढ्या लांबीत भिंतीचा टेकू गेला. उंची वाढवायला जमीन खणली की पायाच्या बाजूची माती मोकळी झाली. ही दोन्ही कामं तळघर दुरुस्तीत सर्रास होतात आणि दोन्ही धोक्याची. मागच्या मोकळ्या भिंतीत दार-खिडकी काढायला हरकत नाही, पण लिंटेल (दार-खिडकीवरची आडवी तुळई) आणि आधाराचं डिझाइन स्ट्रक्चरल इंजिनिअरकडूनच. पुरलेल्या तीन भिंतींना हात लावू नका.

भाताची_कणगी | दुपारी १:१५

थोडं अवांतर. देशावर कोरड्या जमिनीत धान्याची पेवं खणायचे. 'पेव फुटणे' हा वाक्प्रचार तिथलाच. आपल्या कोकणपट्टीत मात्र भात कणगीत, जमिनीपासून उचलून. इथल्या माणसांना जमिनीखालच्या ओलीचा स्वभाव पक्का ठाऊक होता.

आंबेडाळ | दुपारी १:२२

म्हणजे लोणा जाईपर्यंत लोणच्याची बरणीसुद्धा खाली नको!

गवंडीकाका | दुपारी २:३०

बरणी चालेल, झाकण पत्र्याचं नको. भिंतीचा लोणा लागून गंजतं.

भिंत काँक्रीटची निघाली तर आतून करायचं काम सांगतो. गिलावा आणि रंग पूर्ण काढायचा, अगदी मूळ काँक्रीट दिसेपर्यंत. मधाच्या पोळ्यासारखं पोकळ काँक्रीट, बांधकामाच्या वेळचे लाकडाचे तुकडे, बाइंडिंग वायर हे सगळं उकरून दुरुस्ती मोर्टारने भरायचं. सर्वांत जास्त गळती भिंत आणि राफ्ट मिळतात त्या सांध्यात असते. तिथून पाणी वाहत असेल तर सांध्याला तिरकी छिद्रं, सहा ते बारा इंच अंतरावर, पॅकर (दाबाने भरायची तोटी) बसवून पीयू (पॉलियुरेथेन) इंजेक्शन. ते पाण्याशी मिळून फुगतं आणि वाट बंद करतं. वाहत्या पाण्यात इपॉक्सी भरू नका, ते ओल्याला धरत नाही. पोकळ काँक्रीटला सिमेंट ग्राउटिंग, मीटरभर अंतरावर नोझल, दाब हळूहळू वाढवत. मग सांध्याला वाटा (कोपरा गोलसर भरणारी मसाल्याची पट्टी) करायचा. शेवटी क्रिस्टलाइन लेपाचे दोन हात.

क्रिस्टलाइन कोरड्या भिंतीवर लावणं ही नेहमीची चूक. भिंत पाण्याने तृप्त हवी, फक्त वर पाणी साचलेलं नको. लेपानंतर तीन दिवस फवारणी. आणि हा लेप विटेवर, गिलाव्यावर किंवा रंगावर काम करत नाही. त्याचे स्फटिक वाढतात ते काँक्रीटच्या छिद्रांत.

दर घेताना 'संपूर्ण वॉटरप्रूफिंग' असा एकच आकडा घेऊ नका. पीयू किती किलो, नोझल किती, लेप किती चौरस फूट, गिलावा काढणं वेगळं. मोजता येईल त्यावरच भांडता येतं.

खाडीकडची | दुपारी ४:०५

लेप, इंजेक्शन ठीक, पण ती रोगाशी आतून झुंज झाली. उतारावर पाणी वरच्या बाजूने येतं. खाली अखंड काळा पाषाण, वर मुरूम. पावसाचं पाणी मुरमातून उतरून खडकावर येतं आणि उताराने सरकत पहिल्या अडथळ्याला, म्हणजे तुमच्या पुढच्या भिंतीला भिडतं. म्हणूनच ओल पुढच्या भिंतीला आहे, मागच्या नाही.

वाशी-नेरूळच्या सखल भागाचं गणित वेगळं. तिथे सिडकोने भरतीचं पाणी अडवायला धारण तलाव आणि झडपा केल्या आहेत आणि उधाणात पाऊस पडला की भूजलच वर येतं. तिथे तळघर म्हणजे कायमची लढाई. तुमच्याकडे पाणी वाहून जाऊ शकतं, त्याला वाट द्या.

पुढच्या भिंतीपासून चार-पाच फूट अंतर सोडून चर खणा, तळघराच्या जमिनीपर्यंत खोल जाता आलं तर उत्तम, पण पायाच्या खाली नाही. तळाशी जिओटेक्स्टाइल (माती अडवून पाणी जाऊ देणारं कापड), चार इंची छिद्रांचा पाइप, उतार शंभराला एक, भोवती २० ते ४० मिमी खडी, वरून कापड गुंडाळून मातीचा थर. पाइपचं तोंड बंगल्याच्या बाजूने वळवून मागच्या उतारावर मोकळं सोडा. छिद्रं खाली करून पाइप टाकायचा, वर करून नाही.

त्याआधी फुकटचं काम : छताच्या पाण्याचे पाइप कुठे सुटतात ते बघा. हजार चौरस फुटांच्या छतावर १०० मिमी पाऊस पडला की ९,३०० लिटर पाणी होतं, जवळजवळ टँकरभर. आणि १०० मिमीचे दिवस आपल्याकडे दर वर्षी येतात. हे पाणी भिंतीच्या मुळाशी सुटत असेल तर आत सोन्याचा लेप लावूनही ओल येणार.

पारसिकपायथा | संध्याकाळी ६:४८

आत्ता बघितलं. पुढचे दोन्ही डाउनटेक भिंतीपासून फूटभर अंतरावर मोगऱ्याच्या वाफ्यात सुटतात. वाफ्याची माती भिंतीच्या गिलाव्याला टेकलेली आहे.

खाडीकडची | संध्याकाळी ७:०१

सापडलं. वाफा काढा, तिथे भिंतीपासून बाहेर उतार देऊन तीन फुटांची फरशी करा, डाउनटेक बंद पाइपने पावसाळी गटारात न्या. ड्रेनेजच्या चेंबरमध्ये नाही. मोगरा कुंडीत छान येतो.

वारा_येऊदे | संध्याकाळी ७:४०

आणि दोन मोठे एक्झॉस्ट लावा, दिवसरात्र चालू. ओल आपोआप जाते.

जलमापक | रात्री ८:१५

@वारा_येऊदे, पावसाळ्यात नेमकं उलटं होतं. जुलैत बाहेरची हवा ३० अंश आणि ८५ टक्के आर्द्रता धरा. ती हवा २७ अंशांच्या आसपास पोचली की तिच्यातून पाणी सुटायला लागतं. पुरलेली भिंत २६ अंशांवर असेल तर एक्झॉस्ट जितकी बाहेरची हवा आत ओढेल तितकं पाणी भिंतीवर. मग कपाटामागे काळी बुरशी, चामड्याच्या चपलांना पांढरी.

जून ते सप्टेंबर झडपा बंद, डिह्युमिडिफायर चालू. तुमच्या जागेला दिवसाला २०-२५ लिटर क्षमतेचं लागेल. पाणी बादलीत नको, नळीने बाहेर काढा, कारण बादली भरली की यंत्र थांबतं. सुमारे ४०० वॅटचं यंत्र पूर्ण वेळ चाललं तर दिवसाला साडेनऊ युनिट. ६० टक्क्यांवर लावून ठेवा म्हणजे मधे मधे बंद होईल. ऑक्टोबर ते मे मात्र तुमचे एक्झॉस्ट खुशाल लावा.

वारा_येऊदे | रात्री ८:३३

बरोबर आहे, ऋतू लक्षात घेतला नव्हता. मग माणसं राहिली तर चार महिने ताजी हवा कुठून?

जलमापक | रात्री ८:४१

हाच कळीचा प्रश्न. झडपा बंद ठेवाव्या तर हवा कोंडते, उघडाव्या तर भिंती घामेजतात. हवा कोरडी करून आत सोडणारी यंत्रणा बसवता येते, पण ती वीज गेल्यावर बंद. साठवणीला ते चालतं, झोपलेल्या माणसांना नाही. शिवाय संहितेनुसार दमट-उष्ण हवामानात खोलीच्या क्षेत्राच्या एक षष्ठांश उघडी खिडकी हवी. १० × १२ च्या खोलीला २० चौरस फूट. तुमच्या दोन झडपा मिळून तेवढ्या भरायच्या नाहीत.

चेंबरवाला | रात्री ९:२०

संडासाबद्दल कोणीच बोललं नाही. चेंबर ८ फूट वर आहे म्हणजे सगळं पंपाने उचलायचं. नुसता पाइप जोडून झडप लावली की झालं, असं नसतं.

मैल्याची टाकी तळघराच्या जमिनीखाली, हवाबंद झाकणाची, हवेचा पाइप गच्चीच्या वरपर्यंत. माणशी १३५ लिटर धरून दोघांचं रोजचं पाणी २७० लिटर. टाकी फार मोठी केली तर मैला कुजून वास, फार छोटी केली तर वीज गेली की भरून वर. चार-सहा तासांचा साठा पुरे. दोन पंप, आळीपाळीने चालणारे, इन्व्हर्टरवर, आणि पाणी ठरावीक उंचीवर गेलं की वर घरात घंटा.

पंपाचा पाइप आधी रस्त्याच्या पातळीच्या वर फूट-दीड फूट चढवायचा, तिथे वळसा देऊन चेंबरमध्ये सोडायचा. मुसळधार पावसात चेंबर तुंबला की नुसत्या नॉन-रिटर्न व्हॉल्ववर भरवसा नाही, एक केस अडकला तरी तो अर्धा उघडा राहतो. वळशाच्या उंचीवरून मात्र पाणी उलटं येत नाही. तुमची उचल टाकीच्या तळापासून साधारण १४ फूट, घर्षण धरून ७-८ मीटर हेडचा पंप बघा. ६३ मिमी पाइपात सेकंदाला निदान पावणेदोन लिटर वाहिलं पाहिजे, नाहीतर मैला पाइपातच बसतो.

आणि तळघरातली प्रत्येक नहाणी, बेसिन, वॉशिंग मशीनचा पाइप याच टाकीत. एकही जोडणी सरळ वरच्या लाइनला दिलीत तर वरच्या मजल्यावरचं पाणी खालच्या नहाणीतून उगवतं.

फोडणी | रात्री ९:४४

स्वयंपाकाचं पण सांगते. एलपीजी हवेपेक्षा जड, गळती झाली की खाली साचतो आणि तळघराला निचरा नाही. सिलिंडर जमिनीच्या पातळीखाली ठेवायचाच नसतो. गॅस गिझरही नको, बंद जागेत कार्बन मोनॉक्साइड जीव घेतो. म्हणजे इंडक्शन आणि विजेचा गिझर. आईंना फुलके गॅसवर हवे असतील तर आत्ताच विचारून घ्या.

तारतम्य | रात्री १०:०२

विजेचं थोडक्यात. तळघराचा डीबी (विजेची वितरण पेटी) वरच्या मजल्यावर, प्रत्येक सर्किटला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच प्रवाह तोडणारा स्विच), सॉकेट जमिनीपासून चार फुटांवर. पंपाचं सर्किट वेगळं, म्हणजे दिव्याच्या दोषाने पंप बंद पडणार नाही. इन्व्हर्टरची लेड-ॲसिड बॅटरी खाली ठेवू नका, चार्ज होताना हायड्रोजन सुटतो.

पारसिकपायथा | १३ ऑगस्ट, रात्री ९:३०

सगळ्यांचे मनापासून आभार. निकाल असे. पुढच्या भिंतीचे दोन्ही तुकडे भिंतीकडून ओले, खालचा जास्त. बाजूच्या भिंती खोलीकडून ओल्या. जमिनीचा तुकडा कोरडा. भिंत काँक्रीटची. छिद्रात सहा इंचांपर्यंत काँक्रीटच होतं, पुढे सळई लागली म्हणून थांबवलं. भोगवटा प्रमाणपत्राच्या नकाशात 'बेसमेंट, स्टोअर' असं स्पष्ट लिहिलंय.

तुळईखाली | रात्री ९:५५

सळई लागली म्हणजे राफ्ट असण्याची दाट शक्यता, चांगली बातमी. छिद्र आजच ग्राउटने भरा, सळईला हवा-पाणी लागू देऊ नका.

नकाशेवाली | रात्री १०:३०

'स्टोअर' म्हणजे उत्तर मिळालं : इथे वन बीएचके होणार नाही, आणि भाड्याने तर नाहीच. भाडेकराराची नोंदणी सक्तीची आहे, त्या कागदावर तुम्ही तळघराचं राहतं घर असं लिहून सही करणार. काही झालं तर तोच कागद समोर येईल.

पण मुळात प्रश्न आईबाबांच्या स्वतंत्र घराचा आहे, तळघराचा नाही. तळमजल्याचा नकाशा पुन्हा बघा. तळमजल्यावर असं काय आहे जे खाली जाऊ शकतं? सामानाची खोली, कपाटं, पुस्तकं, सायकली. आईबाबांनी दिवसातून चार वेळा जिना उतरण्यापेक्षा सामान उतरू दे.

संहितेची किमान मापं : एकच राहती खोली असेल तर ९.५ चौरस मीटर, रुंदी २.४. स्वयंपाकघर ५ चौरस मीटर, रुंदी १.८. एकत्र संडास-बाथरूम २.८ चौरस मीटर, रुंदी १.२. बेरीज १७.३ चौरस मीटर, भिंती सोडून १८६ चौरस फूट. व्हीलचेअर फिरायला दीड मीटरचं वर्तुळ हवं, तेव्हा बाथरूम याहून मोठं करा आणि दार ३ फुटांचं. एवढी जागा तळमजल्यावर निघाली आणि भिंती फक्त आतल्या हलल्या तर काम सोपं आहे. कमी पडली तर भूखंडाचा शिल्लक एफएसआय तपासून मागच्या बाजूला वाढ मागता येईल. तिचा अर्ज रीतसर करा.

सेक्टर_आठ | रात्री १०:४१

पटलं. आणि ड्रेनेजही गुरुत्वाने जाईल, चेंबरवाल्यांचा दोन पंपांचा संसार वाचला.

चेंबरवाला | रात्री १०:५०

वाचला, आनंदच आहे. तरी तळघरात एक साधा सम्प (पाणी गोळा व्हायचा खड्डा) ठेवा, दीड फूट × दीड फूट × दोन फूट, सर्वांत खालच्या कोपऱ्यात, फ्लोट स्विचचा छोटा पंप. पाइप फुटला तरी सामान वाचेल.

पारसिकपायथा | १५ ऑगस्ट, सकाळी ११:१०

आईला विचारलं. ती म्हणाली, 'मला खिडकीतून अंगण दिसलं पाहिजे, बाकी तुमचं तुम्ही बघा.' तळमजल्यावर जिन्याशेजारची खोली आणि मागची कोठी मिळून २१० चौरस फूट होतात. ते करतो. डाउनटेक या आठवड्यात वळवतो, चर दिवाळीनंतर. तळघराचं काम कधी आणि सामान कसं ठेवू?

गवंडीकाका | दुपारी १२:२०

अंगण दिसणारी खिडकी, हेच बरोबर.

क्रम असा. आत्ता डाउनटेक आणि वाफा. मग उरलेला पाऊस नुसतं बघा, पुढच्या भिंतीवर ओलीच्या वरच्या कडेला पेन्सिलने रेघ आणि तारीख. रेघ खाली उतरत गेली तर निम्मं काम झालं समजा. दिवाळीनंतर चर. लेप-इंजेक्शन जानेवारीत नको, पुढच्या जूनमध्ये दोन पाऊस झाल्यावर गळती कुठून येते हे दिसेल तेव्हा, नेमक्या जागी. गिलावा काढलेली भिंत तोवर उघडीच राहू दे. आत रंग लावायचाच तर चुन्याचा, ऑइल पेंट नको. तो ओल कोंडतो आणि पापडासारखा सुटतो.

मांडण्या लोखंडी, पावडर कोटिंगच्या. प्लायवूड नको, वाळवी लागेल. भिंतीपासून चार इंच, जमिनीपासून सहा इंच. पुढच्या भिंतीला काहीही टेकवू नका. पुस्तकं आणि गाद्या खाली नेऊ नका. आणि ते रंगाचे डबे आधी बाहेर काढा, थिनर तळघरात ठेवायचा नसतो.

पारसिकपायथा | दुपारी १२:४५

डबे बाहेर काढले. पहिली रेघ मारली, जमिनीपासून २९ इंच. पुढच्या रविवारी पुन्हा मोजून लिहितो.